आधी पोरं बघा, मग बचाव ठरवा

कॉलेजच्या कबड्डी संघाने बचाव कसा लावायचा हे जूनमध्ये कागदावर ठरवता येत नाही. मैदानावर कोण पोरं आली, त्यांची उंची-वजन काय, पाय किती चपळ, आणि मुख्य म्हणजे कोण कोणाच्या हातात हात देऊन वाढलं, हे बघूनच ते ठरवावं लागतं. सोनिवलीच्या मैदानावर पोरांना शिकवताना मी हे वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. आज वर्तमानपत्रातून सांगतो, कारण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात मला नेमकं उलट चाललेलं दिसतं. आधी बचाव ठरतो, तोही टीव्हीवर बघून. मग त्यात पोरं बसवली जातात. बसली नाहीत, तर दोष पोरांना दिला जातो.

मी उजव्या कोपऱ्यात खेळलो. अंबरनाथला कारखान्यात टर्नर होतो. पहिली पाळी सुटली की लोकलने बदलापूर, घरी चहा आणि मग मैदान. तेव्हा सोनिवलीत मैदान म्हणजे भात कापून रिकामं झालेलं शेत. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपून घ्यायचं, फक्कीने रेषा आखायच्या. आता आजूबाजूला इमारती उठल्या आणि मोकळी जागा आक्रसली. तरी पोरं येतात. कोणी सोनिवलीचं, कोणी एरंजाडचं, कोणी वालिवलीचं, कोणी बारवीच्या बाजूच्या पाड्यावरून सायकल मारत येणारं. बारावी झाली की हीच पोरं बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या कॉलेजांत जातात आणि तिथल्या निवड चाचणीला उभी राहतात. माझा मुद्दा तिथून सुरू होतो.

ज्यांनी कबड्डी फक्त चढाईसाठी बघितली आहे, त्यांना बचाव म्हणजे सात माणसांनी एकावर तुटून पडणं वाटतं. तसं नसतं. सातांमधले दोन कोपऱ्यात. प्रत्येक कोपऱ्याच्या आतल्या अंगाला त्याचा जोडीदार, ज्याला आम्ही 'इन' म्हणतो. उरलेले तीन मधे, म्हणजे दोन कव्हर आणि एक मध्य. दोन-तीन-दोन. ही मांडणी सगळीकडे जवळपास सारखीच दिसते, म्हणून लोकांना वाटतं की बचावही सारखाच. पण पकड कोणी सुरू करायची, यावर सगळं अवलंबून असतं.

एका पद्धतीत पकड कोपरा सुरू करतो. चढाईपटू निदान रेषा ओलांडून बोनस रेषेकडे सरकला, त्याचा पाय टेकला आणि त्या पायावर अंगाचा भार आला, की त्याच क्षणी कोपऱ्याने खाली जाऊन घोटा धरायचा. भार येण्याआधी गेलात तर पाय सुटतो, उशीर झाला तर तो हात लावून निघून जातो. कोपऱ्याने घोटा किंवा मांडी पकडली की बाकीचे झडप घालतात. या पद्धतीला एक असामान्य माणूस लागतो. हातात पोलादी पकड, कमरेतून वाकायची सवय, आणि दहा वेळा लाथ खाऊनही अकराव्या वेळी पुढे जायची छाती.

दुसऱ्या पद्धतीत पकड कव्हर सुरू करतो. चढाईपटू कोपऱ्याशी खेळत असताना त्याची नजर तिकडे असते, तेवढ्यात कव्हर धडक देऊन त्याला रेषेबाहेर काढतो, नाहीतर परतीच्या वाटेत आडवा उभा राहतो. याला वजन लागतं, आणि पहिल्या दोन पावलांत वेग.

तिसरी पद्धत साखळीची. कोपरा आणि इन हातात हात धरून एका अंगाने हलतात, मधले तिघं त्यांच्याकडे बघून सरकतात. चढाईपटू डावीकडे गेला की उजवी जोडी आत वळते, कडं आवळत येतं, आणि परतायला निघालेल्या चढाईपटूला जाणवतं की मध्यरेषेकडे वाटच उरलेली नाही. इथे कोणी एकटा शूर असायची गरज नसते. गरज असते ती एकाच वेळी पाऊल पडायची. आमच्या भागातली बहुतेक पोरं मध्यम उंचीची, काटक, दमदार. एकट्याने पहाड अडवणारी थोडी. त्यांचा खेळ या तिसऱ्या पद्धतीत फुलतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

साखळीत हात कसा धरायचा, यावर मी पोरांचे पहिले काही आठवडे घालवतो. बोटांत बोटं अडकवायची नाहीत, बोट मोडतं. तळव्यात तळवा, अंगठा मोकळा, पकड घट्ट पण सुटेल अशी. जोडीदार खाली जाणार असेल तर त्याच्या हाताला आधी किंचित ओढ येते. ती ओढ ओळखता आली पाहिजे. डोळे चढाईपटूवर असतात, जोडीदाराकडे बघायला वेळ नसतो. जे काही कळायचं ते हातातून कळतं. हे एका महिन्यात येत नाही. चौथी-पाचवीपासून शेजारी उभी राहिलेली दोन पोरं असतात, त्यांच्यात ते आपोआप आलेलं असतं. एक चुकला तर दुसरा कुठे असेल, हे त्यांना विचारावं लागत नाही.

आता कॉलेजात काय होतं ते सांगतो. आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या संघात काही वर्षांपूर्वी आमच्याकडची चार पोरं एकाच वेळी निवडली गेली. त्यांतल्या दोन जोड्या तयार होत्या, डावीकडची आणि उजवीकडची. म्हणजे बचावाचे चार खांब आयते मिळाले होते. तिथल्या प्रशिक्षकांनी उंचीप्रमाणे रांग लावली. डाव्या कोपऱ्यातला पोरगा उंच, म्हणून त्याला कव्हरला घेतलं आणि धडक द्यायला सांगितलं. त्याचा इन बुटका, म्हणून त्याला कोपऱ्यात टाकून घोट्यावर जायला सांगितलं. उजवीकडची जोडी फोडून एकाला राखीव खेळाडूंत बसवलं, कारण त्याचं वजन कमी भरलं. टीव्हीवरचे कोपरे एकट्याने झेप घेतात, तसंच इथेही हवं होतं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो संघ दुसऱ्याच सामन्यात गेला. मी बघायला गेलो होतो. पोरं मेहनत करत होती, कोणी कच खाल्ली नव्हती. पण कोपरा झेपावला की त्याच्या मागे यायला अर्धा क्षण उशीर व्हायचा, आणि तेवढ्यात चढाईपटू दोघांना घेऊन जायचा. कव्हरला उभा केलेला उंच पोरगा हात शोधत होता. सवयीने त्याचा उजवा हात बाजूला जायचा आणि तिथे कोणी नसायचं. त्याच हिवाळ्यात गावच्या स्पर्धेत ती चार पोरं आपापल्या जागी उभी राहिली आणि आम्ही उपांत्य फेरी खेळलो. तीच पोरं, तेच हात, तेच वजन.

आता कोणी म्हणेल की गावची स्पर्धा आणि विद्यापीठाची स्पर्धा यांची तुलना होत नाही. मान्य. विद्यापीठात चढाईपटू जास्त वेगवान असतात आणि खेळ मॅटवर असतो. मॅटवर बूट घट्ट धरतात, चढाईपटू एका पायावर झटक्यात वळतो, जे मातीवर जमत नाही. उलट कोपऱ्यालाही मॅटवर झेप घेताना कोपर-गुडघे सोलवटण्याची भीती कमी. म्हणून मॅट आल्यापासून घोट्याची पकड जास्त दिसू लागली, हेही खरं. पण याचा अर्थ असा की आपल्या पोरांना मॅटवर साखळी कशी आवळायची, पावलं किती आखूड टाकायची, कोणत्या क्षणी हात सोडायचा, हे शिकवायला हवं. त्यांच्याकडे जे आहे ते काढून घेऊन जे नाही ते मागायचं, यातून संघ उभा राहत नाही. मी आयुष्यभर लेथवर काम केलं. पितळेला जी धार चालते ती पोलादाला चालत नाही, म्हणून कोणी पोलादाला नावं ठेवत नाही. धार बदलतात.

टीव्हीवरच्या संघांना मी कमी लेखत नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या खेळाला घराघरांत मान मिळाला, याचा मला आनंद आहे. पण त्या संघांचं गणित समजून घ्यायला हवं. २०२४ च्या मार्च महिन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवलं. त्या संघाच्या डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता आणि त्याला लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये देऊन घेतलं होतं. त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांना जो बचाव हवा होता, त्यासाठी लागणारा माणूस विकत घेता आला. तिथे पद्धत आधी ठरली आणि माणूस नंतर आला, तरी चालतं. कॉलेजात लिलाव नसतो. तिथे प्रवेशाच्या यादीत जे आलं ते आलं, आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन ते निघूनही जातं.

त्याच पलटण संघाची दुसरी बाजू आमच्या प्रशिक्षकांनी बघावी, असं मला मनापासून वाटतं. कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगरकडचा, आपल्या मातीतला चढाईपटू. तो आणि मोहित गोयत दोघेही चढाई करणारे, पण बचावातही उभे राहून पकडीत उतरणारे. आपल्या चढाईपटूंना पकड येते हे ओळखून त्यांना बचावात वापरलं गेलं. पलटणकडून शिकायचं असेल तर हे शिका. शादलूची झेप शिकवून येत नाही.

इराणचंही तसंच. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण कधी भारताच्या हातून गेलं नव्हतं. त्या दिवशी गेलं. आमच्या मैदानावर त्या रात्री पोरं गप्प बसून होती. पण मला त्या इराणी संघाचं कौतुकही वाटलं. त्यांच्या देशात कुस्ती घराघरांत आहे. पाय ओढणं, कमरेला मिठी मारून उचलणं, खालून ताकद लावणं हे त्यांच्या पोरांच्या अंगात लहानपणापासून असतं. त्यांनी कबड्डी घेतली ती आपल्या अंगातल्या कुस्तीसकट घेतली आणि बचाव त्यावर बांधला. आपण त्यांची नक्कल करतो म्हणजे त्यांची कुस्ती नसताना त्यांची पकड मागतो.

दुसऱ्या खेळांतही हेच दिसतं. माझा भाचा शिकायला अमेरिकेत आहे. तिकडच्या कॉलेजांचा फुटबॉल, म्हणजे ते शिरस्त्राण घालून खेळतात तो, त्याने मला मोबाईलवर समजावून दाखवला. तिथे चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देण्यासाठी पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. ते समोरच्याला कसं अडवतात, याच्याही पद्धती आहेत. एकीत ठरलेल्या माणसाला ठरलेल्या बाजूला रेटायचं, त्याला वजन लागतं. दुसरीत सगळ्यांनी एकदम एका बाजूला सरकायचं आणि आपल्या टप्प्यात जो येईल त्याला अडवायचं, त्याला पाय लागतात. नव्वदच्या दशकात डेन्व्हरच्या व्यावसायिक संघात ॲलेक्स गिब्स नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी हलक्या पण चपळ गड्यांना घेऊन दुसरी पद्धत बसवली, आणि १९९८ च्या हंगामात चेंडू घेऊन धावणारा त्यांचा टेरेल डेव्हिस २,००८ यार्ड धावला. आणखी एक गोष्ट मला जास्त भिडली. अमेरिकेच्या नौदलाच्या आणि लष्कराच्या अकादमींचेही कॉलेज संघ आहेत. तिथली मुलं पुढे अधिकारी होणार, त्यामुळे वजनाला मर्यादा, फार अवजड गडी ठेवणं अवघड. म्हणून त्या संघांनी वर्षानुवर्षं असा खेळ निवडला की समोरच्या एका मोठ्या गड्याला मुद्दाम न अडवता सोडायचं आणि तो कुठे जातो हे बघून चेंडू दुसरीकडे न्यायचा. पॉल जॉन्सन या प्रशिक्षकांनी नौदलाच्या संघाला याच खेळाने उभं केलं. जे नाही त्यावर रडत बसले नाहीत. हे ऐकल्यावर मी भाच्याला म्हटलं, अरे, ही तर आमची साखळी.

मुलींच्या संघांबाबत तर मला रागच येतो. महाराष्ट्रात मुलींची कबड्डी किती जुनी आणि किती ताकदीची आहे, हे सांगायला नको. तरी कॉलेजात मुलींच्या संघाला मुलांचाच बचाव उतरवून दिला जातो. मैदान मोजलं तरी चूक कळते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. दोन्ही बाजूंचा एकेक मीटर राखीव पट्टा वगळला की झटापट होईपर्यंत मुलांच्या बचावाला आडवी ८ मीटर जागा राखायची असते आणि मुलींच्या बचावाला ६ मीटर. खेळाडू दोन्हीकडे सातच. म्हणजे मुलींच्या सातजणी उभ्या राहिल्या की दोघींमधलं अंतर कमी, साखळी जास्त घट्ट, परतीची वाट लवकर बंद होणारी. चांगली जमलेली साखळी मुलींच्या मैदानावर भिंत होते. अशा ठिकाणी कोपऱ्यातल्या मुलीला एकटीने झेप घ्यायला लावून साखळी मोडणं म्हणजे हातातला हुकमाचा पत्ता टाकून देणं आहे. बदलापूरच्या पश्चिमेच्या मुली आमच्याकडे मुलांबरोबरच सराव करतात, त्यांची पावलं मुलांपेक्षा एकसारखी पडतात. कॉलेजात गेल्यावर ती पावलं वाया जाऊ नयेत.

साखळीची उणीव मी लपवत नाही. ती मोठी आहे, आणि कबड्डीच्या नियमातच आहे. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर जातात त्याच क्रमाने परत जिवंत होऊन आत येतात. समजा, डावा कोपरा आधी बाद झाला आणि त्याचा इन बराच नंतर. मग कोपरा परत येतो तेव्हा त्याचा इन बाहेर बसलेला असतो. जोडी तुटलेलीच राहते, आणि सामन्याचा मोठा भाग अशा तुटलेल्या जोड्यांनीच खेळावा लागतो. जुन्या काळी आपल्याकडे 'अमर' पद्धतीची कबड्डी खेळत. त्यात स्पर्श झाला की समोरच्याला गुण मिळायचा, पण खेळाडू बाहेर जात नसे. सातच्या सात शेवटपर्यंत मैदानात. 'गामिनी'त उलट, गेलेला माणूस पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आजचा खेळ 'संजीवनी'चा, जाण्यायेण्याचा. माझे गुरू अमर खेळलेले होते. त्यांची साखळी कधी तुटायचीच नाही, म्हणून त्यांना दुसरा जोडीदार तयार करायची गरज नव्हती. आम्हाला ती आहे.

म्हणून मी प्रत्येक पोराला दोन जोडीदार लावतो. पहिला त्याचा जन्माचा, म्हणजे जो तो सोबत घेऊन आला आहे. दुसरा ठरवून दिलेला, ज्याच्याबरोबर आठवड्यातून काही दिवस सक्तीने उभं राहायचं. सराव सातजणांचा थोडा आणि पाच, चार, तीनजणांचा जास्त. सहाजण असताना दोन-दोन-दोन. पाच असताना दोन-एक-दोन. चारवर आल्यावर दोन जोड्या. तीन उरले की पद्धत बदलते, कारण तीन किंवा कमी असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो, अव्वल पकड म्हणतात तिला. तिथे मात्र घोट्यावर जाणारा एक तरी पोरगा मैदानात असावा लागतो. म्हणजे मी कोपऱ्याच्या एकट्या पकडीचा शत्रू नाही. संघात असा एखादा पोरगा आला तर त्याला जपा, त्याच्याभोवती बचाव बांधा. कल्याणचा गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यात खेळत प्रो कबड्डीपर्यंत पोचला. आमच्या पट्ट्यातून तसे कोपरे निघतात. निघाला, तर त्याच्या संघाने कोपऱ्याचाच बचाव खेळायला हवा आणि साखळीने त्याला साथ द्यायला हवी. पुढच्या वर्षी तो पदवी घेऊन गेला, की पुन्हा मैदानाकडे बघून नव्याने ठरवायला हवं. ठरलेली पद्धत दरवर्षी तशीच ठेवणाऱ्या कॉलेजचा संघ एखाद्या वर्षी चालतो आणि चार वर्षं पडतो. मग लोक म्हणतात, त्या वर्षीची पोरं चांगली होती.

प्रशिक्षकांची अडचण मला कळते. कॉलेजच्या जिमखान्यात एकच माणूस कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉसकंट्री सगळं बघतो. प्रवेश लांबतात, परीक्षा मधे येतात, पावसात मैदान नसतं, मॅट भाड्याने आणावी लागते. स्पर्धेचं पत्र येतं तेव्हा हातात थोडे दिवस उरतात. अशा वेळी ठरलेला आराखडा काढून पोरांना त्यात बसवणं सोपं वाटतं. पण वेळ कमी असतो तेव्हाच पोरांची तयार जोडी सगळ्यात जास्त कामाला येते. दहा दिवसांत नवी साखळी जमत नाही. दहा दिवसांत जमलेल्या साखळीला मॅटची सवय मात्र लावता येते.

दुसरा आक्षेप माझ्याच जुन्या खेळाडूंनी घेतला. ते म्हणतात, काका, पोराला एकाच जागेवर आणि एकाच जोडीदारासोबत ठेवलं तर पुढे जिल्ह्याच्या, राज्याच्या संघात त्याचं काय होणार? तिथे तर जोडीदार मिळणार नाही. प्रश्न खरा आहे, आणि मी त्याचा विचार केला आहे. माझं उत्तर असं की पोरगा वरच्या संघात जातो तो त्याच्या जागेवरच्या खेळामुळे जातो. निवड करणाऱ्यांना तो कोपरा म्हणून दिसला पाहिजे, इन म्हणून दिसला पाहिजे. ज्याला दर महिन्याला नव्या जागी उभं केलं, तो कुठेच दिसत नाही. आधी एका जागेवर त्याला पक्का होऊ द्या. पक्का झालेला पोरगा दुसरी जागा लवकर शिकतो, कारण जागा म्हणजे काय हे त्याला कळलेलं असतं.

आणि सगळीच पोरं राज्याला जाणार नाहीत. बहुतेक जाणारच नाहीत. कोणी अंबरनाथच्या आनंदनगरला कंपनीत लागेल, कोणी उल्हासनगरच्या बाजारात दुकानावर बसेल, कोणी रिक्षा चालवेल. त्यांच्यासाठी कॉलेजची ही तीन वर्षंच मोठ्या मैदानाची वर्षं आहेत. त्या वर्षांत त्यांना आपला खेळ खेळायला मिळावा, परक्याचा नाही, एवढा त्यांचा हक्क आहे. कॉलेजचा संघ पोरांसाठी असतो. प्रशिक्षकाच्या डोक्यातल्या आराखड्यासाठी पोरं नसतात.

१५ जुलैला आपण शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्या जन्मदिनी कबड्डी दिन साजरा करतो. बुवांनी गावोगावच्या पोरांतून हा खेळ उभा केला. त्या दिवशी हार आणि भाषणं होतात, ती व्हावीत. त्याबरोबर आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या जिमखान्याने एक काम करावं. आलेल्या पोरांना मैदानावर सोडावं, कोणतीही जागा न सांगता. तासभर आपसात खेळू द्यावं. कोण आपोआप कुठे जाऊन उभं राहतं, कोणाचा हात कोणाच्या हातात जातो, कोण पुढे झेपावतं आणि कोण मागून वाट बंद करतं, हे फक्त बघावं. मग त्या पोरांच्या गावच्या प्रशिक्षकांना एक फोन करावा. आम्ही पैसे मागणार नाही, मान मागणार नाही. हा पोरगा कोणत्या जागी वाढला, कोणत्या पायावर कच्चा आहे, कोणती दुखापत लपवतोय, हे आम्ही पाच मिनिटांत सांगू.

आणि निवड चाचणीच्या अर्जावर नाव, वर्ग, वय, उंची, वजन असे रकाने असतात, त्यांत यंदापासून एक रकाना वाढवा: कोणाच्या शेजारी खेळतोस? त्या रकान्यात दोन पोरांनी एकमेकांची नावं लिहिली असतील, तर त्यांना वेगळं करण्याआधी त्यांचा एक सामना बघा.